‘व्हीनस’ नेमकं कुणाचं?

आता ‘शॉकिंग ब्लू’कडे येऊ. हेग शहरात १९६७ मध्ये रॉबी व्हान लेउवेन यानं हा बँड काढला. गिटार वाजवायचा तो, गाणी लिहायचा तोच. १९६८ मध्ये गायिका म्हणून मारिस्का वेरेस आली. वडील हंगेरियन रोमा, व्हायोलिनवादक. तिचा आवाज खालच्या पट्टीतला, भरदार. आणि ते काळेभोर केस... तो टोप होता, बरं का! १९६९ मध्ये ‘व्हीनस’ आलं आणि फेब्रुवारी १९७० मध्ये अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. डच बँडला हे आधी जमलं नव्हतं. १९७४ मध्ये बँड फुटलाही. कारकीर्द म्हणाल तर एवढीच.

पण माझा प्रश्न वेगळा आहे. हे गाणं केलं कुणी?

थोडं मागे जाऊ. १८४८ मध्ये स्टीफन फॉस्टरचं ‘ओ सुझॅना’ छापलं गेलं. साऱ्या अमेरिकेनं ते गायलं. फॉस्टरला त्याचे मिळाले शंभर डॉलर. १८६४ मध्ये तो वारला तेव्हा खिशात अडतीस सेंट होते. पुढे १९६३ मध्ये ‘द बिग थ्री’ या त्रिकुटातल्या टिम रोझनं फॉस्टरचे शब्द ठेवले आणि चाल बदलली. नाव दिलं ‘द बँजो साँग’. व्हान लेउवेननं बरोबर उलटं केलं: चाल ठेवली, शब्द बदलले! म्हणजे बघा, फॉस्टरचा एक शब्दही ‘व्हीनस’मध्ये नाही, पण त्याच्याशिवाय ते झालंही नसतं.

सांख्य म्हणतील, दुधात दही आधी होतंच. कार्य कारणातच असतं. नैयायिक म्हणतील, छे, सूत वेगळं आणि वस्त्र वेगळं. वस्त्र नव्यानं उत्पन्न होतं. मी इथे नैयायिकांच्या बाजूचा. दोन्ही गाणी लागोपाठ ऐका. चाल ओळखू येते, पण तो ठेका, तो इलेक्ट्रिक पियानो आणि मुख्य म्हणजे मारिस्काचा आवाज रोझकडे नाही. मात्र वस्त्र नवं म्हणून सूत कातणाऱ्याचं नाव गाळायचं का? ‘व्हीनस’वर कर्ता म्हणून एकट्या व्हान लेउवेनचं नाव आहे. मला ते खटकतं. आणि मारिस्काचं? ज्या आवाजानं जग जिंकलं, त्याला कर्तेपणाच्या रकान्यात जागाच नसते. १९८६ मध्ये बनानारामानं हेच गाणं पुन्हा अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर नेलं. गीतकाराचा हक्क गाण्याबरोबर जातो, गायिकेचा जात नाही.

एक आपल्याकडचा धागाही आहे. बँडच्या ‘ॲट होम’ या अल्बमवर ‘आका रागा’ नावाची वाद्यरचना आहे. ती मूळ जॉन मेयर यांची, जन्म कोलकात्याचा. व्हान लेउवेन सतार वाजवायचा. आपल्या बुजुर्गांनी ऐकली असती तर भुवया उंचावल्या असत्या, ते सोडा! त्याच अल्बममधल्या ‘लव्ह बझ’मध्येही सतार आहे.

नोव्हेंबर १९८८ मध्ये अमेरिकेत एका नवख्या बँडनं पहिली तबकडी काढली. प्रती फक्त एक हजार. गाणं ‘लव्ह बझ’. सतार गेली, तिथे खरखरीत गिटार आली. मूळ कडव्यांपैकी एकच ठेवलं, तेच पुन्हा पुन्हा. बँडचं नाव निर्वाणा. मारिस्का २००६ मध्ये कर्करोगानं गेली तोवर तिचं ते गाणं निर्वाणाचंच समजणारी एक पिढी मोठी झाली होती.