गोड्या पाण्यातील ईल माशांचे नामकरण व वर्गीकरण : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
प्राण्याला शास्त्रीय नाव देणे ही केवळ नोंदणीची बाब नसते. त्या प्राण्याविषयी तत्कालीन अभ्यासकांना काय ठाऊक होते, याची साक्ष ते नाव देते. गोड्या पाण्यातील ईल माशांच्या नामकरणाचा इतिहास हे याचे बोलके उदाहरण होय. हा मासा नदीत वाढतो, परंतु प्रजननासाठी दूरच्या समुद्रात जातो. त्यामुळे त्याच्या आयुष्याच्या दोन अवस्था अभ्यासकांना दीर्घकाळ एकत्र पाहता आल्या नाहीत.

एक मासा, दोन नावे :
कार्ल लिनियसने 1758 मध्ये युरोपीय ईलला ‘म्युरीना अँग्विला’ असे द्विनाम दिले. 1798 मध्ये श्रांकने ‘अँग्विला’ ही स्वतंत्र प्रजाती मानली. 1856 मध्ये जर्मन अभ्यासक काउप याने समुद्रात मिळणाऱ्या, पारदर्शक व पानासारख्या चपट्या एका लहान माशाचे ‘लेप्टोसेफॅलस ब्रेव्हिरोस्ट्रिस’ असे नामकरण केले. नदीतील दंडगोलाकार ईलशी त्याचे बाह्य साम्य नसल्याने हा निर्णय तत्कालीन पुराव्याशी सुसंगतच होता. पुढे ग्रास्सी व कालान्द्रुच्चो या इटालियन शास्त्रज्ञांनी सिसिलीतील संशोधनातून दाखवून दिले की, हा ‘मासा’ म्हणजे युरोपीय ईलचा डिंभ होय. ग्रास्सीने हे निष्कर्ष 1896 मध्ये इंग्रजीतून प्रसिद्ध केले. अग्रक्रमाच्या नियमानुसार जुने नाव टिकले. ‘लेप्टोसेफॅलस’ हा शब्द मात्र डिंभावस्थेचा वाचक म्हणून रूढ झाला.

भारतीय ईलची नावे :
भारतातील ठिपकेदार ईलचीही अशीच कथा आहे. ग्रे याने 1831 मध्ये त्याला ‘म्युरीना बेंगालेन्सिस’ म्हटले, तर मॅक्लेलंडने 1844 मध्ये ‘अँग्विला नेब्युलोसा’ हे नाव योजले. विसाव्या शतकातील बऱ्याच लेखनात दुसरे नाव आढळते; आज मात्र ‘अँग्विला बेंगालेन्सिस’ हे नाव ग्राह्य धरले जाते. जुन्या व नव्या मत्स्यसूचींची तुलना करताना हे लक्षात न घेतल्यास एकच जाती दोनदा मोजली जाण्याचा धोका संभवतो. लोकभाषेतील नावांबाबतही सावधगिरी आवश्यक आहे. मराठीत या माशाला ‘अहीर’ म्हणतात. नद्यांतील ‘वाम’ दिसायला तसाच लांबट असला, तरी पाठीवर काटे असणारा तो मासा वेगळ्या गणातील आहे.

मणक्यांपासून डीएनएपर्यंत :
डॅनिश शास्त्रज्ञ योहानेस श्मिट याने मणक्यांच्या संख्येवरून युरोपीय (सरासरी सुमारे 115) व अमेरिकन (सुमारे 107) ईलमधील भेद स्पष्ट केला. दोहोंचे प्रजननक्षेत्र सरगॅसो समुद्रात असल्याचे प्रतिपादनही त्याने केले. त्याच परंपरेतील विल्हेल्म एगे याने 1939 मध्ये रंग, दातांची रचना, पृष्ठपक्षाची लांबी व मणके यांच्या आधारे 16 जाती निश्चित केल्या. 1959 मध्ये टकर या ब्रिटिश अभ्यासकाने दोन्ही अटलांटिक ईल एकाच जातीचे असल्याचे मत मांडले. आनुवंशिक पुराव्यापुढे ते टिकले नाही. 2009 मध्ये फिलिपाइन्समधील लुझॉन बेटावरून ‘अँग्विला लुझोनेन्सिस’ ही नवी जाती जपानी संशोधकांनी नोंदवली. त्याच वर्षी तैवानमधील संशोधकांनी तिला ‘अँग्विला हुआंगी’ असे नाव दिले. आज दुसरे नाव समानार्थी मानले जाते. म्हणजेच डीएनएच्या युगातही एका माशाला दोन नावे मिळण्याचे टळले नाही.

समारोप :
या इतिहासाचे महत्त्व केवळ ग्रंथालयापुरते मर्यादित नाही. युरोपीय ईलचा समावेश 2007 मध्ये वन्यजीव व्यापारविषयक ‘साइट्स’ कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात झाला व 2009 पासून तो अमलात आला. परंतु व्यापार होतो तो प्रामुख्याने काचेसारख्या पारदर्शक पिलांचा, आणि त्यांची जाती नुसत्या नजरेने ओळखणे अत्यंत कठीण असते. कायदा संरक्षण देतो ते नावाला. खोक्यावरील नाव चुकीचे असल्यास ते संरक्षण निष्फळ ठरते. काउपपुढे जो प्रश्न 1856 मध्ये होता, तोच आज सीमाशुल्क अधिकाऱ्यापुढे आहे : समोरचा हा पारदर्शक जीव नेमका कोण? म्हणूनच वर्गीकरणशास्त्राकडे जुनाट विषय म्हणून पाहणे जीवसृष्टीच्या संरक्षणाला परवडणारे नाही.