परभणी क्रांती : एका भेंडीचा इतिहास

चुडाव्यात इतिहास म्हटला की निजामी राजवट आणि १९४८ ची पोलीस कारवाई हेच विषय निघतात. मी आज भेंडीचा इतिहास सांगणार आहे.

भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडतात, मग सबंध पान, मग फळ. पिवळी भेंडी बाजारात कोणी हाती धरीत नाही. तोडणीची मजुरीही अंगावर पडते. मुंबई इलाख्यात या रोगाची नोंद १९२४ साली झाली. १९४० साली उप्पल, वर्मा व कपूर यांनी तो विषाणूचा रोग असल्याचे दाखविले. त्याला झाडोझाडी नेते ती पांढरी माशी.

हा विषाणू म्हणजे बिनभांडवली मालकच! त्याचे जनुकद्रव्य अवघे २,७०० अक्षरांच्या आसपास. त्यात नक्कल उतरविण्याचे यंत्र मावत नाही. ते काम झाडाच्या पेशीतील प्रथिनांकडून तो करवून घेतो. परंतु वाढ पुरी झालेल्या पेशीत हे खाते बंद असते आणि एक राखणदार प्रथिन ते बंद ठेवते. त्याचे भाईबंद प्रथिन माणसाच्या डोळ्यातील एका कर्करोगाच्या अभ्यासात प्रथम सापडले. या कुळातील विषाणूंचे प्रथिन राखणदाराला चिकटून त्याला निकामी करते, आणि बंद खाते पुन्हा चालू होते. यंत्रे झाडाची, कच्चा माल झाडाचा, उत्पादन मात्र विषाणूचे. कामगार चळवळीत उमर गेलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही.

दिल्लीची पुसा सावनी ही जात प्रथम या रोगापुढे तग धरून होती. पुढे तीही बळी पडू लागली. १९७२ साली परभणीस कृषी विद्यापीठ निघाले. तेथे जांभळे आणि नेरकर यांनी पुसा सावनीचा अबेलमॉस्कस मॅनिहॉट या भेंडीच्याच गोतातील वनस्पतीशी संकर केला. प्रतिकार एका प्रबळ जनुकावर अवलंबून असल्याचे त्यांनी १९८१ साली मांडले. १९८६ साली 'परभणी क्रांती'ची माहिती अमेरिकेतील हॉर्टसायन्स नियतकालिकात छापून आली. आपल्या जिल्ह्याचे नाव बियाण्याच्या पुडीवर देशभर गेले, याचा मला अभिमान वाटतो.

पण एकाच पुढाऱ्यावर चाललेला संप फोडणे सोपे असते. पुढे पुष्कळ ठिकाणी परभणी क्रांतीच्या शिराही पिवळ्या पडल्या, आणि संशोधकांना पुन्हा जंगली भेंड्यांकडे वळावे लागले.