श्वानांतील यकृत व प्लीहा विकार

कुत्र्याचे यकृत किंवा प्लीहा (पाणथरी) सुजणे, वाढणे वा निकामी होणे. यकृत पित्त तयार करते व विषारी द्रव्यांचा निचरा करते. प्लीहा रक्त गाळते आणि जीर्ण तांबड्या पेशी मोडते. या अवयवांची वाढ हा बहुधा स्वतंत्र रोग नसून दुसऱ्या रोगाचे लक्षण असते. त्यामुळे मूळ कारण सापडल्याखेरीज केवळ ‘लिव्हर टॉनिक’ देऊन भागत नाही.

कारणे : पुणे जिल्ह्याच्या पर्जन्यछायेतील बारामती व इंदापूर तालुक्यांत घरच्या कुत्र्यांबरोबर मेंढपाळांच्या कळपांची राखणदार कुत्रीही असतात. अशा उष्ण प्रदेशात पहिला संशय गोचीडतापाचा घ्यावा. तपकिरी गोचिडीमार्फत एर्लिकिया व बबेसिया हे जंतू पसरतात. बबेसिया तांबड्या पेशी फोडतो. त्यांचा ढिगारा उपसताना प्लीहा फुगते, हिरड्या फिक्या पडतात व कावीळ होऊ शकते. कालव्याकाठच्या उसात उंदीर फार. त्यांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो. तो यकृत व मूत्रपिंड दोन्हींवर घाला घालतो, शिवाय माणसालाही होतो. बुरशी लागलेल्या मक्यातील वा शेंगदाणा पेंडीतील अफ्लाटॉक्सिन आणि माणसांची पॅरासिटामॉल गोळी यकृताला घातक ठरतात. लस न टोचलेल्या पिलांना विषाणुजन्य यकृतदाह होतो. उतारवयात, विशेषतः जर्मन शेफर्डमध्ये, प्लीहेत रक्तवाहिन्यांचा कर्करोग आढळतो. गाठ फुटल्यास पोटात रक्तस्राव होऊन कुत्रे अचानक कोसळते.

निदान : ताप, अन्नावरची वासना जाणे, उलट्या, पोट फुगणे, गडद लघवी ही लक्षणे दिसताच पशुवैद्यक गाठावा. कानाच्या कडेला टोचून घेतलेल्या थेंबाच्या काचपट्टीवर बबेसिया सापडण्याची शक्यता अधिक असते. जोडीला रक्तपेशींची मोजणी, यकृताच्या चाचण्या व सोनोग्राफी करतात. गुंतागुंतीच्या रुग्णांसाठी शिरवळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळ पडते.

उपचार व प्रतिबंध : एर्लिकियावर डॉक्सिसायक्लिन साधारण चार आठवडे देतात, कुत्रे तरतरीत दिसले तरी औषध मध्येच सोडू नये. बबेसियाचे औषध त्याच्या जातीनुसार बदलते. यकृताचा बराचसा भाग पुन्हा वाढू शकतो, तर प्लीहा काढूनही कुत्रे जगते. वेळीच आणलेल्या जनावराची आशा सोडू नये. तपकिरी गोचीड भिंतीच्या फटींत अंडी घालते. म्हणून कुत्र्याच्या अंगाइतकीच त्याच्या बसण्याची जागाही गोचीडमुक्त ठेवावी. बोटांच्या बेचक्या व कान रोज तपासावेत. लेप्टोस्पायरोसिसची लस दरवर्षी टोचावी.