सर्व्हर ॲपमध्ये कॉन्फिगरेशन व्हॅल्यू कशी वाचायची? एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबलची सोपी माहिती

तुमच्या आणि तुमच्या आईच्या फोनमध्ये व्हॉट्सॲप एकच असतं. पण तुमची भाषा इंग्रजी, तिची मराठी. तुमचा वॉलपेपर वेगळा, तिचा वेगळा. ॲप तेच, फक्त सेटिंग्ज वेगळ्या. वेबसाइट चालवणाऱ्या सर्व्हरवरच्या प्रोग्रामचंही असंच असतं. कोड एकच, पण तो तुमच्याकडे टेस्टिंगला चालतो तेव्हा सेटिंग्ज वेगळ्या आणि खऱ्या सर्व्हरवर चालतो तेव्हा वेगळ्या. या सेटिंग्जनाच कॉन्फिगरेशन व्हॅल्यू म्हणतात.

आज आपण पायथन आणि जँगोचं उदाहरण घेऊन बघू, की या व्हॅल्यू कोडमध्ये कशा वाचायच्या आणि वाचताना कुठे फसायला होतं. कोडमधली नावं इथे देवनागरीत दिली आहेत, टाइप करताना ती इंग्रजी अक्षरांतच लिहा. लॅपटॉप नसेल तर अँड्रॉइडवर टर्मक्समध्ये पायथन टाकूनही यातलं बरंचसं करून बघता येतं.

कॉन्फिगरेशनमध्ये काय काय येतं?

- डेटाबेसचा पत्ता आणि पासवर्ड
- पेमेंट, एसएमएस किंवा नकाशा सेवेची एपीआय की
- जँगोची सीक्रेट की
- डीबग मोड चालू की बंद
- ॲप कोणत्या पोर्टवर चालणार, उदा. ८०००

ओळखायची खूण सोपी आहे. सर्व्हर बदलला की जे बदलतं ते कॉन्फिगरेशन. सर्व्हर बदलूनही जे तसंच राहतं तो कोड.

कोडमध्येच लिहिलं तर काय बिघडतं?

पासवर्ड थेट कोडमध्ये लिहिला आणि प्रोजेक्ट गिटहबवर पब्लिक ठेवला, की तो पासवर्ड जगजाहीर झाला. नंतर ती ओळ खोडली तरी उपयोग नाही, कारण गिटच्या इतिहासात जुनी आवृत्ती तशीच राहते. अशी चूक झालीच तर ओळ पुसत बसू नका. आधी ती की रद्द करून नवी घ्या.

'ट्वेल्व्ह फॅक्टर ॲप' नावाच्या प्रसिद्ध नियमावलीत यासाठी एक छान कसोटी दिली आहे. तुमचा सगळा कोड या क्षणी सगळ्यांसाठी खुला केला, तर एखादं गुपित फुटेल का? उत्तर 'हो' असेल, तर कॉन्फिगरेशन अजून कोडमध्येच अडकलेलं आहे.

एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबल म्हणजे काय?

प्रोग्राम सुरू होताना ऑपरेटिंग सिस्टिम त्याच्या हातात नाव आणि व्हॅल्यूच्या जोड्यांची एक यादी देते. त्या जोड्या म्हणजे एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबल. पायथनमध्ये ही यादी 'ओएस डॉट एन्व्हायरन'मध्ये मिळते आणि ती वाचायच्या दोन पद्धती आहेत.

१. चौकटी कंसात नाव देऊन: व्हॅल्यू नसेल तर पायथन 'की एरर' देऊन तिथेच थांबतो.
२. 'गेट' वापरून: व्हॅल्यू नसेल तर 'नन' मिळतं किंवा तुम्ही दिलेली डीफॉल्ट व्हॅल्यू मिळते.

मग कोणती कधी वापरायची? डेटाबेसचा पासवर्ड, सीक्रेट की यांच्याशिवाय ॲप चालूच शकत नाही, तिथे पहिली पद्धत. पोर्टसारखी गोष्ट नसली तरी चालते, तिथे दुसरी. सीक्रेट कीला डीफॉल्ट कधीच देऊ नका. नाहीतर खऱ्या सर्व्हरवर ती भरायची राहून गेली तरी ॲप गुपचूप चालू होईल, आणि कोडमध्ये सगळ्यांना दिसणारी कीच वापरत राहील.

सगळ्यात मोठा घोळ: 'फॉल्स' म्हणजे खरं!

इथे नीट लक्ष द्या. एन्व्हायरन्मेंटमधून येणारी प्रत्येक व्हॅल्यू मजकूर असते, म्हणजे स्ट्रिंग. तुम्ही डीबगला 'फॉल्स' लिहिलं, तरी पायथनला ती पाच अक्षरांची एक स्ट्रिंग दिसते. आणि रिकामी नसलेली कोणतीही स्ट्रिंग पायथन 'ट्रू' धरतो. म्हणजे तुम्ही डीबग बंद केला असं समजून झोपता, आणि तो रात्रभर चालूच!

जँगोत हे महागात पडतं. डीबग चालू असताना साइटवर एरर आली, की पाहणाऱ्याला कोडच्या ओळी, त्या क्षणीच्या व्हेरिएबलमधला मजकूर आणि बऱ्याचशा सेटिंग्ज दिसतात. पासवर्डसारखी नावं जँगो झाकतो, पण उरलेली माहितीही हल्लेखोराला पुरेशी असते.

उपाय एका ओळीचा आहे. आलेली स्ट्रिंग लहान अक्षरांत बदला आणि ती 'ट्रू' या शब्दाशी जुळते का ते तपासा. जुळली तरच डीबग चालू, बाकी काहीही आलं तरी बंद.

बाकीच्या व्हॅल्यूही अशाच बदलून घ्याव्या लागतात:

- आकडा: पोर्ट 'इंट'मधून काढा. नाव आहे पण समोर काहीच लिहिलेलं नाही, अशा वेळी डीफॉल्ट मिळत नाही. रिकामी स्ट्रिंग मिळते आणि 'इंट' एरर देतो.
- यादी: डोमेनची नावं स्वल्पविरामावर तोडा आणि आजूबाजूच्या मोकळ्या जागा 'स्ट्रिप'ने काढा.

डॉट ईएनव्ही फाइल कशासाठी?

रोज हाताने व्हॅल्यू भरायचा कंटाळा येतो. म्हणून आपल्या मशीनवर त्या 'डॉट ईएनव्ही' नावाच्या फाइलमध्ये लिहितात आणि 'पायथन डॉटईएनव्ही' हे पॅकेज त्या वाचून देतं. तेच नाव सिस्टिममध्ये आधीच असेल, तर हे पॅकेज सहसा सिस्टिमची व्हॅल्यू बदलत नाही. ही फाइल 'गिटइग्नोर'मध्ये पहिल्याच दिवशी टाका. सोबत फक्त नावं असलेली, व्हॅल्यू नसलेली एक नमुना फाइल ठेवा, म्हणजे टीममधल्या नव्या मित्राला काय भरायचं ते कळेल.

वाचायचं एकदाच, एकाच ठिकाणी

दहा फाइल्समध्ये दहा वेळा 'गेट' लिहू नका. जँगोत सगळं 'सेटिंग्ज' फाइलमध्ये वाचा, तिथेच बदला, तिथेच तपासा. काही चुकलं असेल तर ॲप सुरू होतानाच बंद पडू दे. तेव्हा तुम्ही समोर असता, चूक लगेच सापडते. नाहीतर ती एखाद्या ग्राहकाने पैसे भरताना सापडेल.

साइट चालू करण्याआधी 'मॅनेज डॉट पीवाय चेक' ही आज्ञा 'डॅश डॅश डिप्लॉय' जोडून चालवा. डीबग चालू राहिला असेल तर जँगो तसा इशारा देतो.

नेहमी पडणारे प्रश्न

व्हॅल्यू बदलली, पण ॲप जुनीच दाखवतंय. का?
ती यादी प्रोग्रामला सुरू होतानाच मिळते. सर्व्हर रीस्टार्ट करा.

इतर भाषांमध्ये काय वापरतात?
नोडमध्ये 'प्रोसेस डॉट ईएनव्ही', पीएचपीमध्ये 'गेटईएनव्ही'. तिथेही व्हॅल्यू मजकूर म्हणूनच येते.

एपीआय की अँड्रॉइड ॲपमध्येच ठेवली तर?
गुपित की असेल तर नको. ॲपची फाइल प्रत्येकाच्या फोनमध्ये जाते आणि ती उघडून आतला मजकूर वाचता येतो. गुपित सर्व्हरवर ठेवा आणि ॲपला सर्व्हरकडे विचारू द्या.

आता तुमचा जुना प्रोजेक्ट उघडा आणि त्यात 'पासवर्ड' हा शब्द शोधून बघा. समोर खरा पासवर्ड दिसला, तर आजचं काम तिथूनच सुरू करा.