ड्रॉहेडाचा चांद-तारा

तुमच्याही मोबाईलवर हा मेसेज कधी ना कधी आला असेल. १८४७ साली आयर्लंडमध्ये भीषण दुष्काळ पडला. उस्मानी सुलतान अब्दुल मजीद यांनी दहा हजार पौंड द्यायचं ठरवलं. पण राणी व्हिक्टोरियानं स्वतः दोनच हजार दिले होते. तिचा मान राहावा म्हणून इंग्रजांनी सुलतानाला एक हजारावर थांबवलं. मग सुलतानानं धान्यानं भरलेली तीन जहाजं गुपचूप ड्रॉहेडा बंदरात धाडली, आणि या उपकाराची आठवण म्हणून त्या गावानं आपल्या चिन्हात चांद-तारा घेतला. खाली 'जास्तीत जास्त शेअर करा'.

मीही शेअर केला होता. एकदा नाही, तीन-चार वेळा.

मुलगा नोकरीनिमित्त डब्लिनला असतो. गेल्या डिसेंबरात आम्ही दोघं नवरा-बायको तिकडे होतो. नाताळच्या सुट्टीत तो म्हणाला, "अब्बा, गाडीनं सगळ्या देशाला एक चक्कर मारू." मी एकच अट घातली, शेवट ड्रॉहेडाला करायचा. ड्रॉहेडा डब्लिनहून जेमतेम पन्नास किलोमीटर उत्तरेला आहे. तिथं जायला देशभर फिरायची गरज नव्हती. पण दहा वर्षांच्या नातवाला शाळेत हा दुष्काळ अभ्यासाला होता. त्यामुळे आमची सहल आपोआप दुष्काळाच्या वाटेनं गेली.

हिवाळ्यात तिकडे फिरायला फारसं कुणी जात नाही, आणि का जात नाही ते पहिल्याच दिवशी कळलं. उजाडतं पावणेनऊला, सव्वाचार-साडेचारला अंधार. जोहर झाली की असर, असर झाली की मगरीब, मधे चहा प्यायलाही वेळ नाही. गाड्या मात्र आपल्यासारख्याच डाव्या बाजूनं चालतात, एवढाच काय तो ओळखीचा धागा. गावाबाहेरचे रस्ते एका गाडीपुरते, मधोमध गवत उगवलेलं. समोरून ट्रॅक्टर आला की मुलगा अर्धा फर्लांग मागं घेई. सुनेनं डब्यात भाकरी आणि सुकं मटण भरून घेतलं होतं, म्हणून नाताळच्या बंद दुकानांची झळ लागली नाही.

पहिला मोठा मुक्काम कॉर्कजवळच्या मिडलटनला. तिथल्या एका बागेत गरुडाची नऊ पिसं उभी आहेत, स्टेनलेस स्टीलची, माणसाच्या तिप्पट-चौपट उंच. वर्तुळात अशी वाकवली आहेत की लांबून रिकाम्या वाडग्यासारखी दिसतात. २०१७ साली उद्घाटन झालेलं हे स्मारक अमेरिकेतल्या चॉक्टॉ या आदिवासी जमातीच्या नावानं आहे. १८३० च्या दशकात अमेरिकी सरकारनं या लोकांना त्यांच्या जमिनीवरून हुसकून शेकडो मैल चालवत नेलं. वाटेत हजारो मेले. त्याला पुरती वीस वर्षंही झाली नव्हती, तेव्हा मार्च १८४७ मध्ये याच लोकांनी समुद्रापलीकडच्या, कधी न पाहिलेल्या उपाशी माणसांसाठी १७० डॉलर गोळा केले. आयर्लंड ते विसरलेलं नाही. २०१८ साली तिथले पंतप्रधान ओक्लाहोमाला जाऊन चॉक्टॉ लोकांना भेटले आणि त्यांच्या मुलांसाठी शिष्यवृत्ती जाहीर करून आले. ते पंतप्रधान म्हणजे लिओ वराडकर, मालवण तालुक्यातल्या वराड गावच्या घराण्यातले. मी हे सांगितलं तेव्हा आमच्या बेगम पिसांपेक्षा वराडकरांवर जास्त खूश झाल्या.

नातवाला वराडकर माहीत होतेच. त्याचा प्रश्न वेगळा होता. "दादा, अपने लोगां ने क्या दिए थे?"

मी त्याला सुलतानाची गोष्ट सांगणार होतो. पण त्याच्या "अपने लोगां"मध्ये सुलतान बसतो की हिंदुस्थान, हे मला ठरवता येईना. हिंदुस्थानचं उत्तर खरं तर माझ्याकडे होतं. आयर्लंडसाठी परदेशात जो पहिला मोठा निधी उभा राहिला तो आपल्या कलकत्त्याला, १८४६ च्या सुरुवातीला. पुढाकार कंपनी सरकारच्या नोकरीतल्या आयरिश अधिकाऱ्यांचा आणि सैनिकांचा. पण वर्गणीच्या यादीत हिंदी संस्थानिक होते, श्रीमंत व्यापारी होते, आणि तुटपुंज्या पगारावरचे शिपाईही होते. सुमारे चौदा हजार पौंड जमले. ही गोष्ट मी कधीच शेअर केली नव्हती, कारण कुणी मला पाठवलीच नव्हती.

आता थोडं दुष्काळाबद्दल. सप्टेंबर १८४५ मध्ये बटाट्यावर करपा आला. तेव्हा आयर्लंडमधल्या गरिबाचं जेवण म्हणजे बटाटा, दुसरं काही नाही. कष्टकरी गडी दिवसाला पाच-सहा किलो बटाटे खाई. जमीन इंग्रज किंवा इंग्रजधार्जिण्या जमीनदारांची. कुळाकडे जेमतेम एक तुकडा, आणि एवढ्याशा तुकड्यावर कुटुंब जगवणारं पीक बटाट्याशिवाय नव्हतं. १८४६ ला जवळजवळ सगळं पीक गेलं. १८४७ साल तिकडे आजही 'काळं सत्तेचाळीस' म्हणून ओळखतात. १८४१ च्या शिरगणतीत लोकसंख्या ८१ लाख ७५ हजार होती, १८५१ ला ६५ लाखांवर आली. सुमारे दहा लाख मेले, त्याहून जास्त देश सोडून गेले.

एवढं होत असताना ओट, लोणी, जनावरं बंदरांतून इंग्लंडला जात होती. आलं काय, तर अमेरिकेतून पिवळा मका. त्याला तिकडे 'इंडियन मील' म्हणत, आपला काही संबंध नाही, अमेरिकेतल्या 'इंडियन' लोकांचं धान्य म्हणून. तो कसा दळायचा, किती शिजवायचा हे लोकांना ठाऊक नव्हतं. पोटं बिघडली.

हे वाचताना मला १९७२ आठवलं. मी तेव्हा चौदा वर्षांचा, सोलापूर जिल्ह्यात. रेशनवर मिलो यायची, अमेरिकेची लाल ज्वारी. अम्मी त्याची भाकरी थापायची, ती तव्यावरच तुटायची. सकाळी ती दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची, आणि दुपारी सुकडी वाटली की स्वतःच्या वाट्याची पदरात बांधून आणायची. आयर्लंडमध्येही हेच. उपाशी माणसाला फुकट दिलं तर तो आळशी होईल, म्हणून आधी खडी फोड, रस्ता बांध, मग मजुरी. डोंगरात अर्ध्यावर संपणारे असे रस्ते आजही दिसतात. कुठून निघाले कळतं, कुठे जायचे होते ते कळत नाही. फरक एवढाच की बाहत्तरला मजुरी घरापर्यंत पोचत होती आणि माणसं तगली. तिकडे मजुरी आठवडे-आठवडे थकायची आणि हातोडा हातात घेऊनच माणसं मरायची.

या धोरणाचा लंडनमधला सूत्रधार चार्ल्स ट्रेव्हेलियन. हा माणूस आपल्या ओळखीचा असायला हवा. त्याची उमेदवारी कंपनी सरकारच्या नोकरीत दिल्ली-कलकत्त्याला गेली. शिक्षणपद्धतीवरून आपण ज्याला आजही बोल लावतो त्या मेकॉलेचा हा मेहुणा. आयर्लंडचं संकट ही परमेश्वराची योजना आहे, बाजारात सरकारनं हात घालू नये, असं त्याचं मत होतं. १८४८ ला त्याला 'सर' केलं. पुढे तो मद्रासचा गव्हर्नर झाला, मग कलकत्त्याला अर्थसदस्य. तो गेला तरी त्याचा विचार इथं राहिला. १८७६-७७ ला दख्खनमध्ये दुष्काळ पडला, तेव्हा सर रिचर्ड टेम्पलनं कामावरच्या मजुराचं रोजचं धान्य पौंडभरावर आणलं. पुण्याच्या सार्वजनिक सभेनं त्याविरुद्ध आवाज उठवला. आमच्या सोलापूर जिल्ह्यानं तो दुष्काळ भोगला आहे.

स्किबरीनच्या कब्रस्तानात आम्ही पावसात पोचलो. गावाबाहेर नदीकाठी एक मोकळं हिरवळीचं मैदान, कबरींचे दगड नाहीत. त्या गवताखाली आठ ते दहा हजार माणसं आहेत, कफनाशिवाय, पेटीशिवाय. मी फातिहा पढलो. मुलगा थोडा संकोचला, पण बाजूला उभा राहिला. तिथं कुणीही नव्हतं.

मग लिमरिक, गॉलवे, आणि तिथून मेयो परगण्यातली डूलॉकची खिंड. हिवाळ्यात गेल्याचं चीज झालं ते इथं. दुपारी दोनचं ऊन तिरपं पडलं होतं आणि समोरच्या डोंगराच्या अंगावर सरी-वरंबे उमटले. उन्हाळ्यात ते गवतात दिसत नाहीत म्हणे. पावणेदोनशे वर्षांपूर्वी ज्यांतून शेवटचे बटाटे काढले, किंवा सडले म्हणून काढलेच नाहीत, ते हे वरंबे. त्यानंतर तिथं कुणी नांगर धरला नाही, कारण धरणारं कुणी उरलं नाही. १८४७ च्या कायद्यानं असं ठरवलं होतं की ज्याच्याकडे पाव एकरापेक्षा जास्त जमीन आहे त्याला मदत मिळणार नाही. पाव एकर म्हणजे आपले दहा गुंठे. अकरावा गुंठा ठेवायचा तर उपाशी राहा, जेवायचं तर जमीन सोड.

याच रस्त्यावर मार्च १८४९ अखेरीस शेकडो माणसं चालली. मदत चालू ठेवायची की नाही हे तपासायला दोन अधिकारी लुइसबर्ग गावात येणार होते. लोक जमले, तर अधिकारी दहा-बारा मैलांवरच्या एका शिकारीच्या बंगल्यावर निघून गेलेले. सकाळी तिथं हजर व्हा, नाहीतर नाव कमी होईल, असा निरोप आला. लोक थंडीवाऱ्यात गेले, हात हलवत परतले, आणि वाटेत पडले. किती? त्या काळच्या वृत्तपत्रातल्या एका पत्रात रस्त्याकडेच्या सात मृतदेहांचा उल्लेख आहे. लोकांच्या तोंडी आकडा चारशेपर्यंत जातो. तिथल्या स्मारकाच्या दगडावर गांधीजींचं वचन कोरलंय, दुसऱ्या माणसाची मानखंडना करून आपली शान वाढते असं मानणाऱ्यांबद्दलचं. ते वाचताना माझ्या डोक्यात मात्र आकडे घोळत होते. चारशेऐवजी सात म्हटलं तर त्या अधिकाऱ्यांचा गुन्हा कमी होतो का? आणि सात ठाऊक असताना मी चारशे सांगितले, तर उद्या कुणी सातावरही विश्वास ठेवील का?

बॅलीहॉनिस नावाच्या छोट्या गावात जुम्मा पढलो. हलाल मांसाच्या धंद्यामुळे तिथं १९८० च्या दशकातच मशीद उभी राहिली आहे. शेजारी बसलेल्या वृद्ध पाकिस्तानी गृहस्थांना मी ड्रॉहेडाला चाललोय म्हटलं, तर त्यांनी लगेच मोबाईल काढून तोच मेसेज दाखवला. उर्दूत.

ड्रॉहेडाला शेवटच्या दिवशी पोचलो. बॉइन नदीच्या काठचं जुनं गाव. १६४९ ला क्रॉमवेलनं इथं कत्तल केली होती. वेस्ट स्ट्रीटवर एका हॉटेलच्या भिंतीला १९९५ साली लावलेली पाटी आहे, १८४७ च्या दुष्काळात तुर्की जनतेनं दाखवलेल्या औदार्याबद्दल आभार मानणारी. गावच्या चिन्हात चांद-तारा आहेच, फुटबॉल क्लबच्या बोधचिन्हातही आहे. २०१० साली राष्ट्राध्यक्ष मेरी मॅकलीस यांनी तुर्कस्तानात जाऊन हीच गोष्ट जाहीरपणे सांगितली होती. मग इतिहासकारांनीच हात वर केला. ड्रॉहेडाचा चांद-तारा दुष्काळाच्या कितीतरी आधीचा. बाराव्या शतकाअखेरीस राजा रिचर्डच्या मुद्रेवर तो होता, त्याचा भाऊ जॉन यानं आयर्लंडसाठी पाडलेल्या नाण्यांवर होता. हा तोच रिचर्ड, सलाहुद्दीन अय्युबींशी लढलेला. म्हणजे ज्या चिन्हावर आपण छाती फुगवतो ते तिथं पोचलं क्रुसेडवाल्या राजाच्या काळात. उस्मानी झेंड्यावर आजच्या रूपातला चांद-तारा अधिकृतपणे आला तो १८४४ ला.

जहाजांचंही तसंच. सुलतानानं ती पाठवल्याची नोंद नाही. त्या वर्षी सालोनिका या उस्मानी बंदरातून धान्याची जहाजं आली होती, पण तो व्यापाराचा माल. लोकांनी दोन आठवणी एकत्र शिवल्या असाव्यात.

मग खरं काय उरतं? एक हजार पौंड उरतात. चोवीस वर्षांचा सुलतान, ज्याचा या बेटाशी ना राज्याचा संबंध ना दीनचा, त्यानं ते दिले. त्याला आणखी द्यायचे होते पण राणीपेक्षा जास्त देणं शिष्टाचारात बसत नाही म्हणून थांबवलं गेलं, ही हकिकत १८५० च्या दशकातल्या एका इंग्रजी पुस्तकातच छापलेली आहे, म्हणजे ती आजच्या मोबाईलची पैदास नाही. आयर्लंडच्या उमराव आणि प्रतिष्ठितांनी सह्या करून पाठवलेलं आभारपत्र तुर्कस्तानात जपून ठेवलंय. गंमत म्हणजे दंतकथेला दुसरी बाजूही आहे. आयरिश लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले की राणीनं फक्त पाच पौंड दिले. तेही खोटं. दोन हजार दिले होते. रागानं तिचे कमी केले, प्रेमानं सुलतानाचे वाढवले.

पाटीसमोर फोटो काढला. खानदानाच्या ग्रुपवर टाकला, आणि खाली लिहिलं की हजार पौंड खरे, जहाजं आणि चांद-ताऱ्याची गोष्ट खरी नाही, मी आधी पाठवलेला मेसेज चुकीचा होता. पाच मिनिटांत चुलतभावाचा सवाल आला, "फिर चाँद-तारा किसका?" मी लिहिलं, "पहले से था." तो म्हणाला, "ये क्यूं बताया? अच्छी बात थी." मग आणखी दोघांनी अंगठा दाखवला, पण त्याच्या मेसेजला.

नातू पाटी वाचून झाल्यावर शेजारची भिंत बघत होता. "दादा, कलकत्तावाली पाटी किधर है?"

सव्वाचार वाजले होते. मगरीब गाठायची म्हणून आम्ही गाडीकडे निघालो.