पातं आणि रेझर : एका जोडीचा इतिहास

आजचा विषय ऐकून काहींना हसू आलं असेल. तत्त्वज्ञानाचा माणूस दाढीवर काय बोलणार? पण रोज सकाळी आरशासमोर आपण जे करतो त्याला इतिहास आहे, आणि तो आपल्या शहापूर-मुरबाडच्या गावांतूनही गेलेला आहे.

सुरुवात वस्तऱ्यापासून करू. आम्ही मुरबाड तालुक्यात वाढलो. न्हावी धोकटी घेऊन घरोघर यायचा. तीत वस्तरा, कात्री, नराणी, पाण्याची वाटी. ओसरीवर दाढी व्हायची. रोख पैसे नसत. भाताची झोडणी झाली की त्याचं बलुतं त्याला मिळे. पण तो कोणाच्या ओसरीवर येतो आणि कोणाच्या वाडीत पाऊल टाकत नाही, हे आधीच ठरलेलं होतं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये साताऱ्याची आठवण सांगितली आहे. पैसे देण्याची ऐपत असूनही न्हावी मिळत नसे. घरातल्या मुलांचे केस मोठी बहीण कापी. म्हणजे वस्तरा हे नुसतं हत्यार नव्हतं, गावाच्या उतरंडीची ती एक पायरी होती. याची दुसरी बाजूही लक्षात ठेवा. 1890 साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं न्हावी मंडळींची सभा भरली आणि विधवांचं केशवपन करायचं नाही असं ठरलं. नकार तोही होता, पण न्यायाचा.

आता अमेरिकेकडे वळू. ‘सेफ्टी रेझर’ हे नाव 1880 च्या सुमारास कॅम्फे बंधूंच्या यंत्रामुळे रूढ झालं. पण त्याचंही पातं परजावं लागे. किंग कॅम्प जिलेट याची कल्पना वेगळी होती : पातळ पोलादी पातं वापरायचं आणि टाकून द्यायचं. तंत्र बसवलं विल्यम निकरसन यांनी. 1903 मध्ये विकले गेले फक्त 51 रेझर आणि 168 पाती. 1904 मध्ये पेटंट मिळालं. पुढे पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांना लाखोंनी रेझर दिले गेले, आणि ते घरी परतले ते स्वतःची दाढी स्वतः करण्याची सवय घेऊन.

सुरुवातीच्या पात्याला तीन भोकं असत. हेन्री गेसमन यांनी निराळ्या आकाराचं पातं काढलं, पेटंटचा तंटा झाला, आणि 1930 मध्ये दोन्ही कंपन्या एक झाल्या. मधोमध लांब खाच असलेलं पातं पुढे सगळीकडे चाललं. त्यामुळे कोणाचंही पातं कोणाच्याही रेझरमध्ये बसू लागलं.

पण बसणं वेगळं आणि जुळणं वेगळं! पातं जेमतेम एक दशांश मिलिमीटर जाडीचं. रेझरचं डोकं आवळलं की ते वाकतं. धार किती बाहेर राहते, खालच्या पट्टीपासून किती फट पडते, गालाशी कोन किती होतो, हे रेझर ठरवतो. धार किती तीक्ष्ण, वर क्रोमियमचा किंवा प्लॅटिनमचा थर आहे का, हे पातं ठरवतं. तीक्ष्ण पातं सौम्य रेझरमध्ये सुखाचं, तेच जास्त फट असलेल्या रेझरमध्ये नाजूक कातडीला ओरबाडतं. उलट बोथट पातं सौम्य रेझरमध्ये घातलं तर केस ओढले जातात. वैशेषिक दर्शनात ‘संयोग’ हा गुण दोन द्रव्यांत मिळून राहतो असं मानलं आहे. सुखद दाढी हा तसाच गुण. तो एकट्या पात्यात सापडत नाही आणि एकट्या रेझरमध्येही नाही. तिसरा वाटेकरी म्हणजे तुमचा गाल.

आता परत गावाकडे. आमच्या गावातले एक गृहस्थ मुंबईत गिरणीत होते. न्हावी त्यांच्या वाडीत जात नसे. एका सुट्टीत त्यांनी रेझर आणला आणि तो वाडीभर फिरला. पातं एकच. ते काचेच्या पेल्यात आतून घासून पुन्हा धारेला लावायचं. ब्लेड कार्बन पोलादाचं, पावसाळ्यात गंजायचं. तेव्हा जुळवाजुळव कसली? गाल कापायचे, रक्तावर तुरटी फिरवायची. पण ओसरीवरच्या परवानगीची गरज संपली होती. पुढे म्हशाच्या यात्रेत रेझर विकायला आले. साठच्या दशकानंतर न गंजणारी पाती आली, आणि आपल्याच जिल्ह्यात, ठाण्यात, विद्युत मेटॅलिक्सच्या कारखान्यातून सुपरमॅक्सची पाती निघू लागली.

न्हाव्याचं काय झालं? बलुतं गेलं हे खरं, आणि ज्याचं गेलं त्याला ते लागलंही. काहींनी शहापुरात, हमरस्त्याला सलून काढलं. एड्सची जागृती झाल्यावर तिथं जुना वस्तरा मागे पडला, मोडून अर्धं केलेलं नवं पातं आलं. आज गिऱ्हाईक खुर्चीत बसताना एकच विचारतं : ब्लेड नवीन आहे ना? जात विचारली जात नाही, निदान त्या खुर्चीत.

तेव्हा सगळ्यात चांगलं ब्लेड कोणतं, असं कोणी विचारलं तर आमचं उत्तर असं : रेझर एकच ठेवा, पाती बदलून पाहा. एका वेळी एकच गोष्ट बदला, म्हणजे कारण कळतं. केस पाण्यानं नीट मऊ होऊ द्या, हात हलका ठेवा. आणि स्वतःच्या हातानं, स्वतःच्या आरशात दाढी करता येणं हे काही काळापूर्वी सगळ्यांच्या वाट्याला आलेलं नव्हतं, एवढं मात्र आठवत राहा.