सोळाव्या होलवरचा आवाज

आजचा भाग गोल्फवर आहे. थांबा, लगेच स्किप करू नका. गोल्फ मलाही येत नाही. पुण्यात येरवड्याच्या बाजूने जाताना भिंतीपलीकडे जी हिरवळ दिसते, तेवढाच माझा या खेळाशी संबंध. पण गेल्या वर्षी फेब्रुवारीत दोन आठवडे सुट्टी काढून ताईकडे गेलो होतो. ती अमेरिकेत अ‍ॅरिझोना राज्यात, फिनिक्सजवळ चँडलरला राहते. एका रात्री जेवताना जिजू म्हणाले, "उद्या पहाटे उठायचं. गोल्फ बघायला जायचंय." मी म्हटलं, "जिजू, सुट्टीवर आलोय हो मी." त्यावर ते नुसतेच हसले.

पहाटे अंधारात आम्ही रांगेत उभे होतो. वाळवंटातली थंडी, हातात कॉफी, आणि आजूबाजूला केळ्याचे, कोंबडीचे वेश घातलेली कॉलेजची पोरं. फाटक उघडलं आणि सगळे पळत सुटले. अक्षरशः पळत! आपल्याकडे लोकलमध्ये विंडो सीटसाठी पळतात तसे. सोळाव्या होलभोवती स्टँड असतात. त्यातल्या बिनआरक्षित जागा मोजक्या, जो आधी पोचेल त्याच्या.

ही स्पर्धा म्हणजे फिनिक्स ओपन. आत शिरल्यावर पहिला विचार आला तो वानखेडेच्या नॉर्थ स्टँडचा. चारही बाजूंनी उंच बांधलेल्या स्टँडमध्ये सतरा ते वीस हजार माणसं, मध्ये हिरवळीचा एक पट्टा, आणि त्यावर एकटा उभा असलेला खेळाडू. अंतर 163 यार्ड. एका फटक्यात चेंडू समोरच्या ग्रीनवर पोचवायचा. पोचला तर जल्लोष, ग्रीन चुकली तर वीस हजार गळ्यांतून "बूऽऽ". इतर ठिकाणी गोल्फमध्ये कुणी खोकलं तरी खेळाडू वळून बघतो. इथे ओरडायचं म्हणूनच लोक येतात.

मीही ओरडलो. एका खेळाडूचा चेंडू वाळूत गेला, तेव्हा मी उभा राहून घसा फाटेपर्यंत "बू" केलं. त्याचं नाव मला तेव्हाही माहीत नव्हतं, आजही नाही. मजा आली, खोटं का बोलू?

रात्री ताईच्या घरी सोफ्यावर पडून मी मोबाईलवर शोधायला लागलो की ही जत्रा सुरू कशी झाली. सवय आहे, तुम्हाला माहितीये. एखादी सिस्टिम आवडली की तिचा जुना कोड उघडून बघायचा. आणि त्या जुन्या कोडमध्ये जे सापडलं त्यामुळे झोप उडाली.

आधी सुरुवात सांगतो. ही स्पर्धा 1932 सालची. मग मंदीच्या काळात ती बंद पडली. 1937 मध्ये फिनिक्सच्या चेंबर ऑफ कॉमर्सने शहराची जाहिरात करण्यासाठी एक मंडळ काढलं, 'थंडरबर्ड्स'. त्यातले एक बॉब गोल्डवॉटर, पुढे राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवलेल्या बॅरी गोल्डवॉटर यांचे भाऊ. त्यांनी 1939 मध्ये स्पर्धा पुन्हा उभी केली. हिशोब सरळ होता. जानेवारीत शिकागो बर्फाखाली असतं आणि फिनिक्सला ऊन असतं. गोल्फ दाखवलं की थंडीला वैतागलेले लोक इथे येतील, हॉटेलात राहतील, जमलं तर घरही घेतील. म्हणजे सुट्टीवर आलेला माणूस या स्पर्धेत योगायोगाने येत नाही, त्याच्यासाठीच ती मांडलेली आहे. माझ्यासारख्या गिऱ्हाईकाची सोय ऐंशीहून जास्त वर्षांपूर्वी करून ठेवलेली होती.

(जाता जाता: हे थंडरबर्ड्स आजही स्पर्धेत निळा मखमली अंगरखा आणि कमरेला चांदीचा पट्टा अशा वेशात फिरतात. तो पेहराव मूळ नवाहो आदिवासींच्या पद्धतीचा. आणि मंडळातली माणसं कोण, तर शहरातले व्यापारी-उद्योजक. यावर मी काही बोलत नाही.)

पण पाहुणे बोलवायचे म्हटलं की कुणाला बोलवायचं नाही, हेही ठरतं. अमेरिकेतल्या व्यावसायिक गोल्फरांची संघटना पीजीए. तिच्या घटनेत 1934 पासून एक कलम होतं, सभासदत्व फक्त गोऱ्यांना. इशारा, संकेत असलं काही नाही. सरळ छापील वाक्य.

आता जानेवारी 1952 मध्ये चला. जो लुई हे नाव ऐकलं असेल. बॉक्सिंगचा जगज्जेता, हेवीवेट, सगळ्या अमेरिकेचा लाडका. गडी गोल्फवेडा होता. सॅन डिएगोच्या स्पर्धेच्या यजमानांनी त्याला हौशी खेळाडू म्हणून बोलावलं आणि पीजीएने कलमाकडे बोट दाखवलं. लुई गप्प बसणारा नव्हता. त्याने वर्तमानपत्रं आणि रेडिओपर्यंत बोंब नेली. पीजीएची पंचाईत झाली, कारण देशासाठी लष्करात गेलेल्या जगज्जेत्याला अडवलं तर शोभा होणार. शेवटी लुईला खेळू दिलं, पण त्याच्यासोबतच्या बिल स्पिलरला नाही.

या स्पिलरबद्दल थोडं थांबून सांगतो. कॉलेजची पदवी होती त्याच्याकडे. काम काय, तर लॉस एंजेलिसच्या रेल्वे स्टेशनवर हमाली. गोल्फ त्याने वयाची तिशी जवळ आल्यावर हातात घेतला आणि बघता बघता तो मोठमोठ्यांच्या बरोबरीने खेळू लागला. सॅन डिएगोला तो निषेध म्हणून पहिल्या होलपाशी जाऊन उभाच राहिला. त्यानंतर पीजीएने अर्धी पळवाट काढली. कलम तसंच ठेवायचं, पण एखाद्या स्पर्धेच्या यजमानांनी स्वतः बोलावलं तर कृष्णवर्णीय खेळाडू खेळू शकेल.

आणि ही पळवाट लगेच वापरली गेली ती पुढच्याच स्पर्धेत. फिनिक्स ओपन!

लुई, स्पिलर, टेड ऱ्होड्स आणि चार्ली सिफर्ड. चौघं फिनिक्स कंट्री क्लबच्या पहिल्या होलवर एकत्र उतरले. सिफर्ड तेव्हा 29 वर्षांचा. माझ्याच वयाचा म्हणा ना. लहानपणी कॅडी म्हणून दुसऱ्यांच्या बॅगा उचलत तो हा खेळ शिकला होता. पहिली मोठी संधी. चौघं ग्रीनवर पोचले आणि झेंडा काढला. गोल्फचं होल म्हणजे जमिनीतली सव्वाचार इंच रुंदीची खळगी. त्या खळगीत माणसाची विष्ठा भरून ठेवलेली होती.

हे सिफर्डने स्वतः पुढे 'जस्ट लेट मी प्ले' या आत्मचरित्रात लिहिलंय. ती खळगी बदलेपर्यंत ते चौघं तिथे बराच वेळ ताटकळत उभे राहिले. कपडे बदलायला क्लबच्या लॉकर रूममध्ये जायलाही त्यांना मनाई होती. आणि तरीही ते खेळले.

मी हे वाचलं तेव्हा रात्रीचा एक वाजला होता. माझा घसा अजून बसलेला होता, सकाळच्या ओरडण्याने.

तुम्ही म्हणाल, ते कृत्य कुणा एकाचं, अंधारात केलेलं. गर्दीचा काय संबंध? तर 1961 मध्ये नॉर्थ कॅरोलिनात ग्रीन्सबरोला हाच सिफर्ड खेळत असताना गोऱ्या पोरांचं एक टोळकं त्याच्या मागे होलमागून होल फिरत राहिलं, शिव्या देत, आरडाओरडा करत. तरी त्या स्पर्धेत तो चौथ्या क्रमांकापर्यंत आला. गोल्फमध्ये एवढी शांतता पाळतात असं आपण ऐकतो ना? ती शांतता कुणासाठी पाळायची हेही ठरलेलं होतं.

ते कलम गेलं कसं, ही गोष्ट मला सगळ्यात आवडते, कारण ती पुन्हा स्पिलरकडे येते. स्पर्धांची दारं बंद, तेव्हा पोटासाठी तो लॉस एंजेलिसच्या एका क्लबमध्ये कॅडीचं काम करायचा. तिथल्या एका सभासदाला त्याने बोलता बोलता आपली हकीकत सांगितली. त्या सभासदाची ओळख कॅलिफोर्नियाचे अ‍ॅटर्नी जनरल स्टॅन्ली मॉस्क यांच्याशी होती. मॉस्क यांनी पीजीएला बजावलं की हे कलम असेपर्यंत आमच्या राज्यात तुमच्या स्पर्धा होऊ देणार नाही. पीजीएने आधी काय केलं? 1962 ची आपली मोठी स्पर्धा लॉस एंजेलिसमधून उचलून पेनसिल्व्हेनियाला नेली! पण एकेक राज्य असंच म्हणायला लागलं तर जाणार कुठे? नोव्हेंबर 1961 मध्ये कलम रद्द झालं. तोवर स्पिलर 48 वर्षांचा झाला होता. त्याचा खेळायचा काळ संपला होता. 1988 मध्ये तो वारला आणि पीजीएने त्याला सभासदत्व दिलं 2009 मध्ये. हो, मेल्यानंतर 21 वर्षांनी.

सिफर्डच्या वाट्याला थोडं जास्त आलं. 1967 मध्ये हार्टफर्ड आणि 1969 मध्ये लॉस एंजेलिस अशा दोन मोठ्या स्पर्धा तो जिंकला.

आता उडी मारूया 25 जानेवारी 1997 ला. स्पर्धा तीच, फक्त जागा बदललेली. 1987 पासून ती स्कॉट्सडेलच्या नव्या कोर्सवर भरते. हा कोर्स खास प्रेक्षकांसाठी बांधला, म्हणजे बाजूचे उतार असे रचले की लोकांना बसून दिसावं. सोळाव्या होलभोवती तेव्हा आजचे बंदिस्त स्टँड नव्हते, गवताच्या उतारावर माणसं दाटीवाटीने बसलेली. टी वर आला 21 वर्षांचा टायगर वुड्स. प्रो होऊन सहा महिनेही झाले नव्हते. नाइन आयर्न, एक फटका. चेंडू ग्रीनवर टप्पा घेऊन थेट त्या सव्वाचार इंचांत. यूट्यूबवर व्हिडिओ आहे, बघाच. लोक हातातले बिअरचे ग्लास हवेत भिरकावतात, पाऊस पडल्यासारखी बिअर कोसळते आणि टायगर दोन्ही तळवे वर ढकलत नाचत चालतो. आज आपण ज्याला सोळाव्या होलचं वातावरण म्हणतो ते त्या दुपारी जगाला कळलं. त्यानंतर इथे स्टँड वाढत गेले, एकावर एक मजले चढले. दर वर्षी काही महिने खपून ते बांधतात आणि स्पर्धा झाली की उतरवतात, गणपतीच्या मांडवासारखे.

जिथे 45 वर्षांपूर्वी खळगीत घाण भरली होती, त्याच स्पर्धेत हे. टायगरने आपल्या मुलाचं नाव चार्ली ठेवलंय, सिफर्डच्या आठवणीत.

म्हणजे गर्दी सुधारली, टाळ्या? एवढं सोपं असतं तर भाग इथेच संपवला असता. 31 जानेवारी 1999. टायगर पुन्हा इथेच, शेवटचा दिवस, तेरावं होल. त्याचा चेंडू एका प्रचंड दगडामागे अडकला, वजन सुमारे हजार पौंड. नियम म्हणतो की जमिनीत न रुतलेला सुटा दगड बाजूला करता येतो, आणि मदत घ्यायला बंदी नाही. पंचाने मान डोलावली. डझनभर प्रेक्षक पुढे झाले आणि त्यांनी तो धोंडा ढकलून बाजूला केला! बर्डीही झाली. आणि त्याच दिवशी टायगरला खिजवत मागे फिरणाऱ्या एका माणसाला पोलिसांनी धरलं, तर त्याच्या कमरेच्या पाऊचमध्ये पिस्तूल सापडलं. एकच दिवस, एकच गर्दी. 2001 नंतर टायगर या स्पर्धेकडे फिरकला नाही, थेट 2015 मध्ये परत आला.

गर्दी मात्र फुगत गेली. 2018 मध्ये एका शनिवारी 2,16,818 माणसं आली, आठवडाभरात 7,19,179. आणि 2024 च्या शनिवारी पावसाचा चिखल, दारू आणि रेटारेटी इतकी झाली की आयोजकांना फाटकं बंद करावी लागली, दारूविक्री थांबवावी लागली. खेळाडू उघडपणे चिडले. 'लोकांना ओरडू द्या' हे विकायला सोपं असतं, पण कुठे थांबायचं ते तिकिटावर छापता येत नाही.

आपल्या लोकांचा एक तुकडाही आहे यात. 2022 मध्ये साहित तीगाला, हैदराबादकडून आलेल्या आईवडिलांचा कॅलिफोर्नियात वाढलेला मुलगा, इथे खेळला तो आयोजकांच्या खास आमंत्रणावर. हो, आमंत्रणावर. 1952 च्या पळवाटेतला शब्द, पण अर्थ किती वेगळा! शेवटच्या दिवशी दोन होल उरली असताना तो बरोबरीने आघाडीवर होता. गर्दी त्याच्या नावाचा गजर करत होती. सतराव्या होलवर त्याचा चेंडू डावीकडे उसळून पाण्यात गेला आणि एका फटक्याने प्लेऑफ हुकला. नंतर तो आईवडिलांच्या गळ्यात पडून रडला. जिजू त्या दिवशी तिथे होते. ते सांगतात, "मीही ओरडत होतो रे, त्याच्या नावाने. आयुष्यात पहिल्यांदा तिथे कुणाचं तरी नाव मला नीट उच्चारता येत होतं."

परतीच्या आदल्या दिवशी मी जिजूंना म्हटलं, मला तो जुना क्लब बघायचाय. फिनिक्स कंट्री क्लब अजून आहे, शहराच्या मधोमध, सेव्हन्थ स्ट्रीटवर. खाजगी आहे, त्यामुळे आत जायचा प्रश्नच नव्हता. जिजूंनी गाडी हळू केली. कुंपणापलीकडे हिरवळ, थोडी झाडं, लांब कुठेतरी एक झेंडा. पहिलं होल कुठलं ते बाहेरून कळेना. मी काच खाली केली. आत कुणीतरी खेळत असावं, पण आवाज कसलाच येत नव्हता. मागून एकाने हॉर्न दिला, आणि आम्ही पुढे निघालो.